पाऊस पिणारी भूमि

मुख्य वचन : इब्री लोकांस पत्र ६ : ७, ८. जोडवचन : ईयोब १४ : १८, १९.



इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत शेतकऱ्यास सहज समजेल असा एक दृष्टांत आहे. भूमि दोन प्रकारची आहे आणि दोहींवर पाऊस वारंवार पडतो. एक भूमि तो पाऊस पिऊन घेते, मशागत करणाराच्या उपयोगाचें पीक देते, आणि तिला देवापासून आशीर्वाद मिळतो. दुसरी भूमि तोच पाऊस घेऊन कांटेरी झुडपांवांचून कांहीं देत नाहीं. पाऊस पाडणें भूमीच्या हातीं नाहीं. परंतु पडलेल्या पावसाचें तिनें काय केलें, हें मात्र विचारलें जातें.

ह्या वचनावर बोलण्याचें कारण असें कीं, एका उन्हाळ्यांत एका खेड्यांतील उपासना आटोपल्यावर मंडळींतील एक वृद्ध बाई मजजवळ आली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, तिकडे डोंगरांत देव धो धो बरसतो, आणि आमच्या शिवारावरून ढग नुसते निघून जातात. आम्हीं असा काय अपराध केला?" त्या वेळीं मीं तिला धीराचे चार शब्द सांगितले, पण तिचा प्रश्न माझ्यासवें घरीं आला. तो एकट्या तिचा प्रश्न नाहीं. अवर्षणाच्या टापूंत राहणाऱ्या प्रत्येक मंडळींत तो कोणी ना कोणी मनांतल्या मनांत विचारीत असतो. म्हणून आज देवाच्या वचनाबरोबर देवानें घडविलेली आपली भूमिही वाचून पाहूं.

१. एकच खडक, एकच वारा, निरनिराळे प्रदेश

ज्यास पूर्वीं अहमदनगर म्हणत त्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अकोले तालुक्यांत, घाटघर नांवाचें गांव आहे. तेथें कड्याच्या कांठावर उभें राहिलें म्हणजे पश्चिमेस शेंकडो मीटर खालीं कोंकण दिसतें. उत्तरेस कळसूबाईचें शिखर आहे. तें १,६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रांत त्याहून उंच शिखर नाहीं. जवळच रतनगड आहे, आणि त्याच्या परिसरांत प्रवरा नदी उगम पावते.

हे डोंगर कशाचे झाले आहेत? सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तापलेला रस बाहेर आला व दूरवर पसरला. तो निवाला, त्याचा काळा खडक झाला, आणि कांहीं काळानें त्यावर दुसरा थर आला. असें लाखों वर्षें चाललें. आज हा खडक सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे, व सह्याद्रीजवळ त्याची एकंदर जाडी कांहीं ठिकाणीं दोन किलोमीटरांच्या जवळपास जाते. आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात तें ह्याच थरांमुळें. घाटांतून जातांना रस्त्यासाठीं कापलेल्या भिंतीकडे लक्ष द्या. दोन काळ्या थरांच्या मध्यें कोठें कोठें तांबडा पट्टा आढळतो. दोन उद्रेकांमधील शांत काळांत खालचा खडक झिजून जी माती झाली होती, ती वरच्या तप्त रसानें भाजून तांबडी झाली. म्हणजे त्या अग्नीच्या युगांतही मातीचें काम थांबलें नव्हतें.

इतक्या वर्षांचे आंकडे ऐकून कोणाचा विश्वास डळमळूं नये. देवाच्या दृष्टीनें सहस्र वर्षें एका दिवसासारखीं आहेत, असें पेत्र आपल्या दुसऱ्या पत्रांत सांगतो. आपल्या घड्याळानें देवाचें काम मोजण्याचा हट्ट आपण धरूं नये.

आतां वाऱ्याकडे वळूं. ज्येष्ठ-आषाढांत समुद्रावरून येणारा ओला वारा कोंकण ओलांडून सह्याद्रीस अडतो. पुढें वाट नाहीं म्हणून तो वर चढतो. वर चढतां चढतां हवा थंड होते, तिच्यांतील वाफेचें पाणी होतें, आणि घाटमाथ्यावर पावसाची झोड उठते. घाटघरच्या बाजूस कित्येक वर्षीं चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस होतो. मग तोच वारा पूर्वेकडे उतरूं लागतो. उतरणारी हवा तापते, ढग विरतात, आणि उरलेला ओलावा पुढें निघून जातो. घाटघराहून राजूर व अकोलें ह्या वाटेनें संगमनेर सुमारें ऐंशी किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरांत पाऊस दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. पुढें नगर शहरीं तो सालास साडेपांचशे-सहाशे मिलिमीटरच असतो.

अशा रीतीनें खडक एक व वारा एक असूनही कड्याखालीं कोंकण, माथ्यावर भात, नागली व वरई पिकविणारें डांगाण, आणि पूर्वेस बाजरी-ज्वारीचा देश, असे निरनिराळे प्रदेश झाले. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब शंभरएक किलोमीटरांत अरबी समुद्रास मिळतो. त्याच्या शेजारींच, पण पूर्वेस पडलेला थेंब प्रवरेंतून गोदावरींत जातो, आणि हजार किलोमीटरांहून अधिक चालून बंगालच्या उपसागरास पोंचतो. ह्या भेदांत कोणा एका गांवाचें पुण्य अथवा दुसऱ्या गांवाचें पाप मोजलेलें नाहीं. डोंगर उभा आहे म्हणून त्याच्यामागें पावसाची सावली पडते. आपल्या गांवीं पहिलें घर उभें राहिलें त्यापूर्वीं कित्येक युगें ती सावली तेथें पडत होती.

२. देवानें पाठ फिरविलेली नाहीं

शिलोहांतील बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां लोकांस वाटलें कीं, तीं इतरांहून अधिक पापी असावींत. प्रभु येशूनें ह्या विचारास स्पष्ट नकार दिला (लूक १३ : ४, ५). नकार देऊन तो थांबला नाहीं; ऐकणारांनीं स्वतः पश्चात्ताप करावा असें त्यानें बजावलें. डोंगरावरील उपदेशांत तर त्यानें सांगितलें कीं, स्वर्गीय पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. म्हणून ज्याचें पीक जळालें त्याच्या दारीं जाऊन "हें तुझ्या पापाचें फळ" असें म्हणण्याचा अधिकार ख्रिस्ताच्या कोणत्याही शिष्यास नाहीं. नापिकीनें व कर्जानें खचलेल्या माणसास अशा एका वाक्यानें मरणाच्या दारापर्यंत ढकलतां येतें. असें वाक्य आपल्या मुखांतून गेलें असेल तर त्या घरीं जाऊन क्षमा मागावी.

आतां देशाच्या भूमीस काय मिळालें तें पाहा. जेथें पाऊस फार आणि ऊनही कडक, अशा रत्नागिरीकडील सड्यांवर ह्याच काळ्या खडकांतील चुना व इतर विरघळणारीं द्रव्यें पाण्यानें वाहून नेलीं. लोह व ॲल्युमिनियम तेवढें मागें राहून तांबडा जांभा झाला. देशावर पाऊस बेताचा. त्यामुळें तीं द्रव्यें धुवून गेलीं नाहींत. चुना राहिला, आपल्या शेतांत नांगराच्या फाळास लागणारी चुनखडी ही त्याचीच खूण. चिकण राहिली, आणि सखल भागांत खोल काळी माती सांचली. ही माती ओली झाली म्हणजे फुगते, वाळली म्हणजे भेगाळते, आणि आंत घेतलेली ओल पुष्कळ दिवस सोडीत नाहीं. जून-जुलैचा पाऊस आपल्याला हुलकावणी देतो. पण परतीच्या पावसाच्या दिवसांत पूर्वेकडून ढग येतात आणि हस्ताच्या सुमारास काळी भिजते. तेवढ्या ओलीवर पेरलेली रब्बीची ज्वारी पुढें हिवाळाभर पावसाचा थेंब नसतांही कणसावर येते. आपण सर्वांनीं हें दरसाल पाहिलें आहे. पाहून पाहून त्याचें नवल वाटेनासें झालें आहे.

आणि ज्यांच्याविषयीं आपल्याला हेवा वाटतो त्या डांगाणाकडे फाल्गुन-चैत्रांत जाऊन पाहावें. पांच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशांतल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन पाण्यासाठीं दरींत उतरतात. कित्येक वाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. तेथें उतार उभा आहे, मातीचा थर पातळ आहे, आणि खालचा खडक अभंग आहे. पाणी आलें तसें गेलें. पाऊस पुष्कळ पडला, पण भूमीनें तो प्यायला नाहीं.

इब्री लोकांस पत्र लिहिणारानें किती पाऊस पडला हें मोजलें नाहीं. भूमि पाऊस पिते कीं नाहीं, हें त्यानें पाहिलें.

३. खडकाचें झिजणें

ईयोब फार मोठ्या दुःखांत होता तेव्हां त्यानें देवापुढें डोंगराचाच दाखला मांडला. डोंगर ढासळून नाहींसा होतो, पाणी दगडास झिजवितें, लोंढे भूमीची माती नेतात. तशीच तूं मनुष्याची आशा नाहींशी करतोस, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ईयोबानें जें पाहिलें तें खरें होतें. सह्याद्रीचा कडाही झिजत आहे. कोंकणांत उडी घेणारे ओहोळ तो पोखरतात आणि युगानुयुगें त्यास पूर्वेकडे मागें रेटतात. देशावर ऊन व थंडी, पाणी व मुळें हीं खडकाच्या सांध्यांत शिरतात. काळा दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटूं लागतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. बोटभर थर तयार होण्यास शेंकडो वर्षें लागतात.

परंतु दुःखाच्या भरांत ईयोबाच्या ध्यानांत न आलेली एक गोष्ट आहे. दगड झिजला नसता तर माती झाली नसती, आणि माती नसती तर भाकरी नसती. रंधा येथें सुमारें पन्नास मीटर खोल उडी घेणारी प्रवरा डोंगराचा चुरा घेऊन पूर्वेस येते. पूर्वीं तिनें नेवाशाच्या बाजूस वाळू-गोट्यांचे व गाळाचे जाड थर घातले. डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५४ ते १९५६ च्या सुमारास नेवाशास उत्खनन केलें. त्या परिसरांतील नदीच्या जुन्या थरांत त्यांस आदिमानवाचीं दगडी हत्यारें मिळालीं. त्या नदीकांठीं माणूस किती प्राचीन काळापासून आसरा घेत आला आहे, हें त्यांवरून दिसतें. ज्यास ईयोबानें आशेचा नाश म्हटलें, त्यांतूनच देव आपल्या लेंकरांसाठीं शेत तयार करीत होता.

तुमच्यांपैकीं कित्येकांचें आयुष्य झिजलें आहे. कोणाचा मुलगा गेला, कोणाची जमीन गेली, कोणाचें शरीर आजारानें पोखरलें. तें दुःख लहान आहे असें मी म्हणत नाहीं. देवानेंही ईयोबास तसें म्हटलें नाहीं. मी इतकेंच सांगतों कीं, आपल्या देवाच्या हातीं झिजलेला दगड वायां जात नाहीं. ज्याचें हृदय दुःखानें मऊ झालें त्याच्याजवळच दुसरा दुःखी मनुष्य येऊन बसतो. कठीण खडकावर कोण बसेल?

४. धुपणें आणि तुंबणें

तथापि झिजणें वेगळें आणि धुपणें वेगळें. झिजेनें माती होते, धुपेनें ती जाते. संगमनेरच्या आसपास प्रवरेच्या कांठीं घळींनीं चिरलेली जमीन आहे. नदीनें पूर्वीं घातलेला गाळ पावसाच्या ओघळींनीं कापून काढला, आणि जेथें नांगर फिरला असता तेथें आतां शेळी चालणें कठीण. अशा घळी पडण्यास निसर्गाचीं जुनीं कारणें आहेत हें खरें. पण उघड्या माळावर, तोडलेल्या झाडांच्या जागीं व उताराच्या दिशेनें नांगरलेल्या शेतांत जी माती जाते, तिचा दोष आपण निसर्गास लावूं शकत नाहीं. वळवाची एक सर शेंकडो वर्षांचें काम घटकाभरांत ओढ्यांत लोटते. ती माती नदींतून जाऊन धरणांच्या पोटांत बसते, आणि पुढें पाण्यासच जागा उरत नाहीं.

ह्याच्या उलट प्रकारही प्रवरेच्या कांठीं दिसतो. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि कोरड्या शिवारांस पाटाचें पाणी मिळालें. ही मोठीच कृपा होती. परंतु जेथें पाणी बेसुमार दिलें आणि निचरा ठेवला नाहीं, तेथें कित्येक काळ्या जमिनी तुंबल्या, खालचा क्षार वर आला, आणि त्या चोपण झाल्या. एकीकडे पाणी थांबलें नाहीं म्हणून भूमि गेली. दुसरीकडे पाणी पुढें सरलें नाहीं म्हणून गेली. कित्येक विश्वासी जन असेच असतात. कोणी पन्नास वर्षें उपदेश ऐकतो व दाराबाहेर पडतांच तो ओघळून जातो. कोणी आशीर्वाद घेतच राहतो, पण शेजाऱ्याकडे त्यांतला थेंबही वाहूं देत नाहीं. आणि त्याच्या अंतःकरणावर पांढरा क्षार फुटतो.

५. धरून ठेवण्याचें काम

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत देवानें मनुष्यास बागेंत ठेवलें तें तिची मशागत करण्यास आणि तिचें राखण करण्यास. मशागत आपण करतों, राखण विसरलों. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वर स्पष्ट सांगतो कीं, भूमि त्याची आहे आणि आपण त्याच्याजवळ पाहुणे आहों. पाहुण्यानें घराच्या भिंती पाडूं नयेत.

१९७२ च्या दुष्काळांत आपल्या वडिलधाऱ्यांनीं दुष्काळी कामांवर खडी फोडली, बांध घातले, पाझर तलावांची माती वाहिली. त्यांच्या घामाचे ते बांध आज किती ठिकाणीं शाबूत आहेत? नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें आपल्यासारखेंच पावसाच्या सावलींतील गांव. १९८९ नंतर तेथील लोकांनीं डोंगरउतारांवर समतल चर खणले, बांध घातले, झाडें लावलीं, मोकाट चराईस व कुऱ्हाडीस बंदी केली, आणि फार पाणी पिणाऱ्या पिकांस आवर घातला. ढग त्यांच्यासाठीं वळून आले नाहींत. पाऊस होता तेवढाच राहिला, पण तो भूमींत मुरूं लागला आणि विहिरींस पाणी आलें. गांवानें एकदिलानें ठरविलें म्हणून हें झालें. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या हातून झालें नसतें. उताराचें पाणी कोणाच्या सातबाऱ्याची हद्द पाळीत नाहीं.

आणि येथें मला एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या मंडळ्यांतही बांध कोरणारे लोक आहेत. दर नांगरटीस वीतभर सरकत सरकत शेजाऱ्याचा, भावाचा, विधवा भावजयीचा बांध खाल्ला जातो. शेजाऱ्याची मेर सरकवूं नये असें मोशेच्या नियमशास्त्रांत आहे (अनुवाद १९ : १४). तो बांध केवळ हद्द दाखवीत नाहीं. तो दोन्हीं शेतांची माती धरून ठेवतो. जो तो कोरतो तो शेजाऱ्याचा अपराधी आहे, आपल्या नातवाचाही अपराधी आहे, आणि ज्याची भूमि आहे त्या परमेश्वराचाही अपराधी आहे. पुढच्या प्रभुभोजनापूर्वीं आपआपल्या बांधावर जाऊन उभे राहा. तेथें कोणाशीं समेट करावयाचा असेल तर तो करून मग मेजाजवळ या.

मृग लागण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या शेताचा एक तरी फुटका बांध दुरुस्त करावा. उपासनामंदिराच्या छपराचें पाणी रस्त्यावर न सोडतां खड्डा करून जिरवावें. ज्या घरांत पुरुषमाणूस नाहीं, त्या घरचा बांध मंडळीच्या तरुणांनीं मिळून घालावा. हें काम उपासनेहून वेगळें नाहीं. पाऊस ही प्रार्थनेनें मागण्याची वस्तु आहे. बांध हा हातांनीं घालावयाचा आहे. एकाच्या नांवावर दुसरें टाळणें म्हणजे देवाची परीक्षा पाहणें होय.

त्या वृद्ध बाईस आज उत्तर द्यावयाचें झालें तर मी म्हणेन : आजीबाई, तुम्हीं अपराध केला म्हणून ढग गेले नाहींत. तुमच्या शिवारावर डोंगराची सावली आहे, देवाच्या क्रोधाची नाहीं. थोडा पाऊस देणाऱ्या त्याच हातानें तुमच्या शेतांत ओल धरणारी काळी घातली आहे. ती जपूं या. आणि तुमच्या डोळ्यांतलें पाणी तुम्ही एकटीनें पिऊं नका. तें धरून ठेवण्यासाठींच देवानें ही मंडळी ठेवली आहे.

प्रार्थना : हे आकाशाच्या व पृथ्वीच्या प्रभो, अग्नि, वारा व पाणी ह्यांच्या हातून तूं आमचे डोंगर, नद्या व शेतें घडविलींस, म्हणून आम्ही तुझी स्तुति करतों. कोरड्या शिवारांकडे कृपादृष्टीनें पाहा आणि वेळेवर पाऊस दे. जे खचले आहेत त्यांस सांवर. शेजाऱ्याच्या बांधास लागलेला आमचा हात मागें घेण्याचें धैर्य आम्हांस दे. आणि तुझ्या वचनाचा जो पाऊस आमच्यावर वारंवार पडला आहे, तो पिऊन पीक देणारी भूमि आम्हांस कर. हें आम्ही प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.